प्लास्टर निघालं, हाड जुळलं, तरी मूठ वळत नाही: आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय 62. घरातल्या घरात पाय घसरला, तळहात टेकून पडल्या आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. हाड बसवून सहा आठवडे प्लास्टर होतं, ते नुकतंच काढलं. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "जुळलंय, आता हात वापरा." पण बोटं सुजलेली आहेत, मूठ अर्धीच वळते, मनगट जरा वाकडं दिसतं आणि हलवलं की कळ येते. म्हणून आईंनी हात अजून गळ्यातल्या झोळीतच ठेवलाय. हलवायचं की आराम द्यायचा, मालिश करायची का, हाड पुन्हा मोडेल का, कॅल्शियम किती दिवस, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता स्वतःच्या घोट्याबद्दलही एक ओळ लिहिलीय, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी थेट उत्तर देतो. झोळी आजच काढून ठेवा. बोटं, मनगट, कोपर आणि खांदा दिवसभर हलते राहिले पाहिजेत, थोडं दुखलं तरी. जुळलेलं हाड आपल्याच हाताच्या ताकदीने, हलक्या हालचालीने मोडत नाही. मालिश, निदान तुम्ही ज्या अर्थाने विचारताय तशी, नको. वाकडेपणाची काळजी सध्या बाजूला ठेवा. आणि तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मला या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो: नुसतं उभ्या उभ्या घसरून हाड मोडलंच कसं?

सहा आठवड्यांत हाड नेमकं कुठवर येतं, हे कळलं की निम्मी भीती जाते. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. त्या गुठळीत दुरुस्ती करणाऱ्या पेशी शिरतात आणि दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या टोकांमध्ये कुर्चेसारखी मऊ जोड तयार होते. एक्स-रेत ती जेमतेम दिसते. मग त्या जोडीत खनिजं भरत जातात आणि साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत ती कडक हाडाची होते. त्यापुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून अधिक, हाड स्वतःला घडवत राहतं. जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं होतं की हाडावर जसा भार येतो तशी त्याची आतली रचना बदलते. भार आला तर ते भक्कम होतं, नाही आला तर विरळ होतं. तुमच्याकडे आईंचा पहिला आणि आताचा असे दोन्ही एक्स-रे असतील तर शेजारी धरून पाहा. मोड नसलेली हाताची छोटी हाडंही आता फिकट दिसतील. सहा आठवडे वापर नसल्याचा तो परिणाम आहे आणि हात वापरात आला की तो भरून निघतो.

मनगटाजवळचा भाग आतून स्पंजासारखा जाळीदार असतो आणि त्याला रक्तपुरवठा उत्तम असतो, म्हणून तो लवकर जुळतो. पायाच्या नळीच्या हाडाला चार महिने लागले तरी नवल नाही. म्हणून "अमक्याला तीन महिने प्लास्टर होतं, तुमचं इतक्या लवकर कसं काढलं?" असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. हाड कोणतं, मोड कशी आणि वय किती, यावर सगळं ठरतं. लहान मुलाचं हेच मनगट तीन-चार आठवड्यांत जुळतं.

आज घडीला आईंनी कपबशी उचलणं, दात घासणं, केस विंचरणं, बटणं लावणं, जेवणं हे सगळं त्याच हाताने करायचं. भरलेली बादली उचलणं, घट्ट झाकण पिळून उघडणं आणि तळहातावर भार देऊन खुर्चीतून उठणं हे मात्र अजून नको. शेवटची गोष्ट नकळत होते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवा. पडल्यापासून दहा-बारा आठवडे झाले आणि डॉक्टरांनी हात तपासून होकार दिला की ही कामंही सुरू करता येतील.

मग हाड जुळलंय तर दुखतं कशाने? दुखतात ते हाडाभोवतीचे मऊ भाग. सांध्याचं आवरण सहा आठवडे एकाच स्थितीत राहून आखडलेलं असतं. मनगटाच्या पुढच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) आणि त्यांच्या जोडीने एक मोठी नस जाते, तर मागच्या बाजूने बोटं सरळ करणाऱ्या कंडरा थेट मोडलेल्या हाडावरून जातात. या सगळ्यांना सरकायला मोकळी जागा लागते. सूज ती जागा भरून टाकते. सुजेतला द्रव नुसतं पाणी नसतो, त्यात प्रथिनं असतात. तो आठवडेच्या आठवडे साचून राहिला की चिकटतो आणि कंडरा व सांध्यांची आवरणं त्यात अडकतात. बोटांचं महिनाभर उशिरा सुरू करून निभावत नाही. आखडलेल्या बोटांचा लवचिकपणा परत आणणं हे हाडाच्या शस्त्रक्रियेपेक्षाही चिकाटीचं काम आहे.

खरं तर हे काम प्लास्टर घातल्याच्या दिवशीच सुरू व्हायला हवं होतं. डच लष्करी शल्यविशारद अँटोनियस माथायसेन यांनी 1851 मध्ये प्लास्टरची पट्टी तयार केली. तेव्हापासून तिने असंख्य हातपाय सरळ ठेवले, पण त्याची किंमत आजूबाजूच्या मोकळ्या सांध्यांनी मोजली. मनगटाचं प्लास्टर तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपायला हवं, म्हणजे बोटांची मुळं पूर्ण वाकतात. ते बोटांच्या पेऱ्यांपर्यंत आलेलं असेल तर त्याच आठवड्यात जाऊन कापून घ्यावं. ज्यांचा हात आत्ता प्लास्टरमध्ये आहे त्यांनी जागेपणी दर तासाला मूठ मिटायची, बोटं पूर्ण पसरायची, कोपर वाकवायचं आणि हात डोक्यावर न्यायचा. हाड धरून ठेवायचं काम प्लास्टर करतं, बाकी हात आपला मोकळाच असतो.

खांदा तर नेहमीच विसरला जातो. आज आईंना आरशासमोर उभं करा. दोन्ही हात कानांना लागतील असे वर न्यायला सांगा, मग पाठीमागे कंबरेवर. मोडलेल्या बाजूचा हात मागे पडत असेल तर झोळीने खांदाही आखडलाय. साठीच्या आसपास असा खांदा सुटायला काही महिने लागू शकतात आणि त्याचा त्रास मनगटापेक्षा जास्त होतो. खांदा नीट हलत असेल तर उत्तमच. तरी रोज हात वर नेणं चालू ठेवा.

आता व्यायाम. पहिलं काम सूज उतरवणं. बसताना-झोपताना हात उशांवर असा ठेवा की बोटं कोपरापेक्षा आणि कोपर हृदयापेक्षा उंच राहील. हात तसाच वर धरून मूठ घट्ट मिटायची आणि उघडायची, वीस-पंचवीस वेळा. स्नायू आवळले की साचलेला द्रव खाली ढकलला जातो. हात लोंबता ठेवून फिरत राहिलं तर संध्याकाळपर्यंत बोटं पुन्हा फुगतात.

व्यायामाआधी हात पाचेक मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, आतल्या आत बोटं हलवत राहा. मग बोटं. प्रत्येक बोटात तीन सांधे असतात, आणि नुसती "मूठ करा" म्हटलं की जो सांधा सोपा आहे तोच वाकतो, आखडलेला तसाच राहतो. म्हणून तीन आकार वेगवेगळे करायचे. एकदा बोटं सरळ ठेवून फक्त मुळाशी वाकवायची, म्हणजे तळहाताशी काटकोन होतो. एकदा मुळं सरळ ठेवून फक्त पुढचे दोन सांधे आकड्यासारखे वाकवायचे. एकदा पूर्ण मूठ. प्रत्येक आकार पाच मोजेपर्यंत धरायचा आणि मध्ये बोटं पूर्ण सरळ करायची. अंगठ्याचं टोक करंगळीच्या मुळापर्यंत न्यायचं. आज ते अनामिकेपाशी अडेल, तर तिथवर. कोणतं बोट तळहातापासून किती लांब राहतं ते मोजपट्टीने आठवड्यातून एकदा मोजून लिहून ठेवा. रोज पाहणाऱ्याला प्रगती दिसत नाही, आकड्यांत दिसते आणि आईंचा हुरूप टिकतो.

मनगटासाठी हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकवायचा आणि पंजा कडेबाहेर मोकळा ठेवायचा. मूठ हलकी मिटून मनगट वर उचलायचं, मग खाली सोडायचं. बोटं ताठ ठेवून मनगट उचललं तर बोटांच्या कंडराच ते काम करून टाकतात आणि मनगटाचे स्नायू आळशी राहतात, म्हणून मूठ मिटलेली हवी. थोडं जमू लागलं की नमस्काराला जोडतो तसे तळवे छातीसमोर जोडायचे आणि ते एकमेकांपासून सुटू न देता कोपरं हळूहळू बाहेर आणि वर न्यायची.

सगळ्यांत चिवट असतं ते तळहात वर वळवणं. ओंजळ धरायला, तोंडावर पाणी मारायला, कुणी हातावर काही ठेवलं तर ते घ्यायला हीच हालचाल लागते. कोपर बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवायचं, मुठीत पेन्सिल उभी धरायची आणि ती बाहेर आडवी पडेल इतका हात वळवायचा, मग आत. कोपर शरीरापासून सुटलं की खांदा वळतो आणि हात वळल्याचा भास होतो. यात जवळपास प्रत्येकजण स्वतःला फसवतो. म्हणून कोपर आणि बरगड्यांमध्ये घडी घातलेला रुमाल धरायला सांगा. तो पडला तर ती वेळ मोजायची नाही.

दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी पाच-दहा मिनिटं पुरेत. सकाळी तासभर व्यायाम करून उरलेला दिवस हात मांडीवर ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. किती दुखू द्यायचं याचा माझा साधा हिशोब आहे: ताण जाणवावा, कळ आली तरी थांबल्यावर अर्ध्या तासात ओसरावी. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेली असतील तर आदल्या दिवशी जास्त झालं. एक दिवस जोर कमी करा, व्यायाम बंद करू नका. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं असेल तर ते व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेणं सोयीचं. दुखणं दाबून व्यायाम व्हावा, हाच त्याचा उपयोग.

मालिशबद्दल. बोटांच्या टोकांकडून कोपराकडे हलका, लांब हात फिरवून सूज उतरवायला हरकत नाही, आईंना बरंही वाटेल. पण "सांधा मोकळा करतो" म्हणून जोर लावून रगडणं, मनगट ओढणं, कुणीतरी धरून बोटं दाबून वाकवणं हे सरळ नुकसान आहे. आखडलेलं आवरण झटक्याने ताणलं की ते फाटतं, आत रक्त साकळतं आणि बरं होताना ते आधीपेक्षा जास्त आखडतं. फिजिओथेरपिस्ट हात ताणतात तेव्हा ते सावकाश, मोजून आणि हाडाची अवस्था पाहून ताणतात. घरातल्या माणसांनी मदत एवढीच करावी: वेळेची आठवण करावी आणि आईंच्या हातातलं काम काढून घेऊ नये. "राहू दे, मी करतो" या प्रेमाने आखडलेले हात मी भरपूर पाहिले आहेत.

वाकडेपणा. आयर्लंडमधल्या डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलेस यांनी या मोडीचं वर्णन 1814 मध्ये केलं, एक्स-रेचा शोध लागायच्या 81 वर्षं आधी, केवळ हात चाचपून. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आकार कायम बिघडलेला राहील, पण कालांतराने हात मोकळा हलेल आणि दुखणं जाईल, असं त्यांनी लिहून ठेवलंय. इतकं सरसकट मी म्हणणार नाही. पण साठीपुढच्या रुग्णांत एक्स-रेतला वाकडेपणा आणि हाताचा रोजचा उपयोग यांचा मेळ फारसा बसत नाही, हे खरं. थोडं वाकडं जुळलेलं मनगट घेऊन सगळी कामं बिनबोभाट करणारी माणसं पुष्कळ आहेत. करंगळीच्या बाजूला हाडाचा उंचवटा दिसेल, तोही बहुधा राहील. वळवताना त्याच बाजूला सतत दुखत राहिलं किंवा सहा महिन्यांनंतरही कामं अडत असतील, तर हाड सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. तरुण माणसाचं किंवा सांध्याच्या आत शिरलेल्या मोडीचं गणित वेगळं. तिथे सुरुवातीलाच आकार काटेकोर जुळवावा लागतो आणि त्यासाठी बऱ्याचदा प्लेट घालावी लागते.

आता काही गोष्टी ज्यात थांबायचं नाही. हाताची सूज आणि दुखणं दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी वाढत असेल, जळजळ होत असेल, कापडाचा स्पर्शही सहन होत नसेल, त्वचा तुकतुकीत, लालसर किंवा निळसर दिसत असेल, त्या हाताला जास्त घाम येत असेल, तर तो सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) नावाचा विकार असू शकतो. यात मोडीच्या मानाने वेदना फारच जास्त असते, कारण दुखण्याची जाणीव करून देणारी यंत्रणाच बिघडते. लवकर ओळखला तर उपचाराला प्रतिसाद देतो, आणि "बाई जरा नाजूक आहेत" म्हणून सोडून दिला तर हात कायमचा निकामी करू शकतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर राहात असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर मघाशी सांगितलेल्या बोगद्यातली नस दबतेय. तेही लगेच दाखवा.

एक कमी माहिती असलेली गोष्ट अंगठ्याची. तळहात टेबलावर सपाट ठेवायचा आणि बाकी काही न हलवता फक्त अंगठा छताकडे उचलायचा. आज येत असेल तर ठीक. पुढच्या काही आठवड्यांत एखाद्या दिवशी अचानक, फारसं न दुखता, अंगठा उचलेनासा झाला तर तिथली कंडरा झिजून तुटलेली असते. जागेवरून न हललेल्या, साध्या दिसणाऱ्या मोडीतही हे होतं, किंबहुना त्यातच जास्त. तर्जनीची जास्तीची कंडरा वळवून ते दुरुस्त करता येतं, पण व्यायाम कितीही केला तरी तो अंगठा आपोआप उठत नाही.

आणि ज्यांचं प्लास्टर ताजं आहे त्यांच्यासाठी: औषध घेऊनही असह्य ठणका, दुसऱ्याने बोटं सरळ केली की जीव जाईल अशी कळ, बोटं बधिर किंवा पांढरी-निळी पडणं, यात सकाळची वाट पाहायची नाही. आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरतात. रात्री दोन वाजता का होईना, रुग्णालय गाठायचं.

किती वेळ लागेल? व्यायाम नीट झाले तर पडल्यापासून तीन महिन्यांत रोजची बहुतेक कामं त्या हाताने होतात. पकडीची ताकद सावकाश येते, सहा महिने ते वर्षभर ती वाढत राहते. थोडी हालचाल, बहुधा मनगट खाली वाकवणं किंवा पूर्ण वळवणं, कायमची कमी राहू शकते. चौथ्या महिन्यात मूठ पूर्ण मिटत नसेल तर मात्र "होईल हळूहळू" म्हणत बसू नका, हाताच्या तज्ज्ञांना दाखवा.

आता तो न विचारलेला प्रश्न. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून निरोगी हाड सहसा मोडत नाही. पन्नाशीनंतर असं मोडलं तर हाडं ठिसूळ झालीत असंच आम्ही धरून चालतो, तपासणीने उलट सिद्ध होईपर्यंत. साधारण तिशीपर्यंत हाडांचा साठा सर्वांत जास्त असतो. पुढे तो हळूहळू उतरतो आणि पाळी बंद झाल्यावरच्या काही वर्षांत भराभर. पन्नाशी-साठीत पडताना हात पुढे येतो, म्हणून मनगट मोडतं. पंचाहत्तरीत तेवढी चपळाई राहात नाही, माणूस कुशीवर आपटतो आणि खुबा मोडतो. खुब्याचं फ्रॅक्चर हे वेगळंच संकट आहे: तातडीची शस्त्रक्रिया, अंथरुण, आणि पुन्हा पहिल्यासारखं चालता न येण्याची दाट शक्यता. मनगटाची मोड त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी आलेली सूचना असते. प्लास्टर निघतं, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि ती सूचना फायलीत राहून जाते.

म्हणून डेक्सा स्कॅन करून घ्या. त्यात कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात. वेदना नाही, सुई नाही. तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत ती किती कमी-जास्त आहे हे टी-स्कोअर नावाच्या आकड्यात सांगतात. तो -1 च्या वर असला तर ठीक, -1 ते -2.5 च्या मध्ये असला तर हाडं विरळ, आणि -2.5 किंवा त्याखाली असला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा विकार. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ठरवलेली ही मोजपट्टी आहे. पण आकडा -2.2 आला म्हणून निर्धास्त होऊ नका. हाड आधीच मोडलेलं असताना डॉक्टर त्या आकड्यावरही उपचार सुचवू शकतात. सोबत रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी होते. आई कधी दीर्घकाळ स्टिरॉइड घेत होत्या का, त्यांच्या आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, तरुणपणापेक्षा त्यांची उंची चार सेंटिमीटरहून जास्त कमी झालीय का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. उंची कमी होणं म्हणजे एखादा मणका गुपचूप दबलेला असू शकतो.

कॅल्शियमच्या गोळ्यांवर लोकांचा फार विश्वास आहे. पन्नाशीपुढच्या स्त्रीला दिवसाला एकूण सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिटच्या आसपास ड जीवनसत्त्व लागतं. यात आहारातलंही आलं. आहारात जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीने भरायचं. दुप्पट गोळ्या घेऊन हाड दुप्पट वेगाने जुळत नाही, बद्धकोष्ठता आणि मूतखडा मात्र होऊ शकतो. कॅल्शियमइतकीच प्रथिनंही लागतात, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो. उतारवयात भूक मंदावते आणि तेच पहिलं कमी होतं. तंबाखू, कोणत्याही रूपातली, हाड जुळणं लांबवते.

ऑस्टिओपोरोसिस निघाला तर नुसत्या कॅल्शियमने भागत नाही. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बऱ्याचदा पहिली असते. ती सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचंही नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होते किंवा गोळी अंगाला लागत नाही. डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं तर डॉक्टरांना न विचारता ते चुकवू नका. ते अचानक थांबवल्यावर हाडांची झीज उसळते आणि मणके मोडल्याची उदाहरणं आहेत.

औषधाने हाड भक्कम होईल, पण पडूच नये यासाठी वेगळं काम करावं लागतं. आई कशा पडल्या ते नीट विचारा. ओल्या फरशीवर घसरल्या की उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली? अंधारी आली असेल तर रक्तदाब झोपून आणि मग उभं राहून मोजा. रक्तदाबाच्या औषधाचा डोस बदलावा लागेल. झोपेची गोळी घेत असतील तर तिच्याबद्दल डॉक्टरांशी बोला. मोतीबिंदू तपासा. दूरचं-जवळचं एकत्र दिसणाऱ्या चष्म्याने जिन्याच्या पायऱ्या धूसर दिसतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा, रात्री पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा, सरकणारी पायपुसणी बाहेर, मागे पट्टा असलेली घट्ट पादत्राणं. यात नवं काही नाही, फक्त करायचं राहून जातं.

तोल सुधारता येतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात ज्येष्ठांसाठी पायांची ताकद आणि तोल यांचा घरी करायचा व्यायामक्रम तयार झाला. त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेलं दिसलं. त्यात काही जगावेगळं नाही: ओट्याला धरून टाचा उचलणं, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, आधार धरून एका पायावर उभं राहणं. पडल्यानंतर माणूस घाबरून चालणंच कमी करतो, पाय आणखी कमजोर होतात आणि पुन्हा पडतो. आईंना घरात जपून ठेवण्याचा मोह होईल, तो टाळा.

राहिला तुमचा घोटा. दोन महिन्यांपूर्वी मुरगळला, एक्स-रेत काही नव्हतं, आठ दिवसांत सूज गेली, पण खडबडीत जमिनीवर अजून लचकतो, असं तुम्ही लिहिलंय. पुढे कधी मुरगळला तर एक्स-रे लागेल का, हे ठरवायला कॅनडातल्या ओटावा इथे 1992 मध्ये तयार झालेले नियम चांगले आहेत: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखतं का, आणि लागल्या लागल्या व नंतर तपासतानाही लंगडत का होईना चार पावलं टाकता येत नाहीत का. पाऊल मध्यावर दुखत असेल तर करंगळीच्या बाजूच्या आणि आतल्या बाजूच्या उंच हाडावरही दाबून पाहतात. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता अगदी कमी. हे नियम मोठ्यांसाठी. वाढत्या वयाच्या मुलांत हाडाच्या टोकाशी वाढीचा मऊ थर असतो आणि लिगामेंटपेक्षा (हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यापेक्षा) तो आधी सुटतो, म्हणून मुलाचं हाड दाबून दुखत असेल तर "मुरगळलंय" म्हणून घरी ठेवू नये. असाच आणखी एक फसवा प्रकार तरुणांत दिसतो: हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळग्यात दुखतं, पण पहिला एक्स-रे स्वच्छ येतो. तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. हात आधारात ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा लगेच एमआरआय करावा, कारण त्याचा रक्तपुरवठा तोकडा असतो आणि दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही.

तुमच्या घोट्याचं हाड ठीक आहे, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं होतं. त्यात पाऊल कुठे, कसं पडतंय हे मेंदूला कळवणारे तंतू असतात, आणि सूज उतरली तरी ते आपोआप तल्लख होत नाहीत. विश्रांतीने हे सुटणार नाही. दुखऱ्या पायावर अनवाणी उभं राहा, अर्धा मिनिट. जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या ब्लँकेटवर, मग उभ्या उभ्या चेंडू झेलत. सोबत रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या दिशेने ढकला. दीड-दोन महिने रोज करा, तोवर खेळताना घोट्याला पट्टा बांधा. दोन्ही पायांवर सारखाच वेळ उभं राहता आलं आणि त्या पायावर न डगमगता दहा उड्या मारता आल्या की धावायला हरकत नाही. आईंच्या टाचा उचलण्याच्या वेळेलाच, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून तुम्ही हे करू शकता. दोघांचंही चुकणार नाही.